इंग्रजीची तालीम

आपल्याकडे माणूस न घाबरता इंग्रजी बोलतो ते कुत्र्याशी. उभ्या जन्मात ज्यांनी इंग्रजी वर्तमानपत्राला हात लावला नाही असे काका संध्याकाळी फाटकाशी उभे राहून टॉमीला 'कम हिअर, सिट, डोन्ट बार्क, गुड बॉय' असं खणखणीत सुनावतात. आज्ञा, नकार, शाबासकी, सगळं जिथल्या तिथे. आवाज कलेक्टरचा. तेच काका नातवाच्या शाळेत गेले आणि बाईंनी 'प्लीज सिट डाउन' म्हटलं, की घाम पुसत उभेच राहतात. टॉमी व्याकरणाच्या चुका काढत नाही, हे एक कारण. दुसरं असं की फाटकाशी काका हे काका नसतातच, ते कुणीतरी साहेब असतात. साहेब अंगात आला की साहेबाची भाषा जिभेवर यायला फारसे आढेवेढे घेत नाही.

हायस्कुलात इंग्रजी शिकवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. मराठी माध्यम, तालुक्याचं गाव, वर्गात साठाच्या घरात पोरं. बी.एड.ला आम्ही अध्यापनाच्या पद्धती घोकल्या होत्या, परीक्षेत त्यांचे फायदे-तोटेही मुद्देसूद लिहिले होते. पण मुलं इंग्रजी बोलत का नाहीत, या प्रश्नाचं उत्तर त्या मुद्द्यांत काही सापडलं नाही. ते सापडलं वर्गात. मुलं बोलत नाहीत, कारण बोलण्यासारखं काही आम्ही घडूच देत नाही. मराठीत मूल भांडतं, लाडीगोडी लावतं, थापा मारतं, चहाड्या करतं, आईस्क्रीमसाठी हटून बसतं. इंग्रजीत ते फक्त उत्तरं देतं, आणि तीही अशा प्रश्नांची, ज्यांची उत्तरं मास्तरांना आधीच ठाऊक असतात. 'व्हॉट इज धिस?' 'धिस इज अ पेन.' पेन दोघांनाही लख्ख दिसतंय. दोन शहाण्या माणसांत असा संवाद जगाच्या पाठीवर कुठेही होत नसेल.

आधीच्या पिढ्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर पोसल्या. त्यांचं इंग्रजी पक्कं होतं, यात वाद नाही. आमचे आजोबा इंग्रजी अग्रलेख सकाळच्या चहाबरोबर फस्त करत आणि त्यात एखादं अव्यय चुकलेलं दिसलं तर पेन्सिलीने खूण करून ठेवत. त्याच आजोबांना एकदा बोरीबंदरवर एका गोऱ्या बाईने वाट विचारली, तर त्यांनी हात लांब करून नुसती दिशा दाखवली आणि तिथून काढता पाय घेतला. आजी ही गोष्ट फार रंगवून सांगे. आजोबा म्हणत, पाठमालेत वाट विचारणारी बाई नव्हती.

आता 2000 सालापासून महाराष्ट्रात पहिलीपासूनच इंग्रजी आहे. म्हणजे दहावीचं पोर चांगली दहा वर्षं इंग्रजी शिकून बाहेर पडतं. दहा वर्षं तबला शिकलेला माणूस कुणाच्याही साथीला बसतो, आणि आमचं पोर दहा वर्षांनी बँकेत गेलं की फॉर्म दादाकडून भरून घेतं. बोलण्याची परीक्षा नाही असं नाही. दहावीला भाषेचे 80 गुण लेखी आणि 20 तोंडी. पुष्कळ ठिकाणी ही तोंडी अशी होते, की मुलगा दारात उभा राहून 'मे आय कम इन सर' म्हणाला की त्यातच निम्मे गुण पडले. 2019 च्या परीक्षेला हे 20 गुण काढून घेतले. राज्याचा निकाल आदल्या वर्षी 89.41 टक्के होता, तो 77.10 वर आला. एकच हलकल्लोळ झाला, आणि पुढच्या वर्षी 20 गुण सन्मानाने परत आले. तोंडी परीक्षेविषयी समाजाला एवढा कळवळा आल्याचं मला दुसरं उदाहरण आठवत नाही. गुण परत आले, बोलणं आलं का, याची चौकशी मात्र कुणी केली नाही.

गंमत अशी, की मराठी माणसाने इंग्रजीशी मनापासून ओळख करून घेतली ती बरीचशी नाटकातूनच. महादेवशास्त्री कोल्हटकरांनी 1867 मध्ये 'ऑथेल्लो' मराठीत आणला. पुण्यात आर्योद्धारक मंडळीतली शिकलेली तरुण मुलं शेक्सपिअर रंगमंचावर करू लागली. आगरकरांनी हॅम्लेटचा 'विकारविलसित' केला, देवलांनी ऑथेल्लोचा 'झुंझारराव'. गणपतराव जोशींनी तर हॅम्लेट असा काही उभा केला, की डेन्मार्क कुठे आहे हे ठाऊक नसलेली माणसंही त्या राजपुत्रासाठी हळहळली. अण्णासाहेब किर्लोस्कर बेळगावला मास्तर होते आणि देवल त्यांचे विद्यार्थी. नाटक आणि मास्तरकी यांची सोयरीक इतकी जुनी असताना, आपल्या रंगभूमीने इंग्रजीतून एवढं उचललं आणि इंग्रजीच्या तासाला तिने काहीच परत दिलं नाही, हे मला नेहमी खटकत आलं. पुढे जेफ्री केंडल यांची शेक्सपिअरियाना मंडळी देशभर शाळाशाळांतून शेक्सपिअर करत हिंडली, त्यावरून 'शेक्सपिअरवाला' नावाचा सिनेमाही 1965 साली निघाला. आमच्या तालुक्याच्या शाळेच्या वाट्याला मात्र शेक्सपिअर आला तो स्नेहसंमेलनात.

स्नेहसंमेलनातलं इंग्रजी नाटुकलं ही वेगळीच चीज असते. बहुतेक ठिकाणी ते 'मर्चंट ऑफ व्हेनिस'मधल्या कोर्टाचंच असतं. पोर्शियासाठी गावातल्या वकिलांचा काळा कोट मागून आणायचा. तो गुडघ्यापर्यंत येतो, आणि बाह्यांतून पोर्शियाचे हात शेवटपर्यंत बाहेर येत नाहीत. शायलॉकची दाढी कापसाची, ती 'बॉन्ड' शब्दातल्या 'ब'ला हमखास सुटते. पोर्शिया कोण, तर डॉक्टरांची मुलगी. अँटोनिओ कोण, तर सोसायटीच्या चेअरमनचा मुलगा. ज्यांना इंग्रजी येतंच त्यांनाच घ्यायचं, म्हणजे पाहुण्यांसमोर फजिती नको. उरलेली पन्नासएक पोरं खाली सतरंजीवर बसून माइकची शिट्टी ऐकतात. प्रमुख पाहुणे शेजारच्याला हळूच विचारतात, 'मराठी प्रवेश कितीला आहे?' दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो, 'विद्यार्थ्यांनी अस्खलित इंग्रजीत नाटिका सादर केली.' नाटिका झाली हे खरं, पण त्यातून इंग्रजी कुणी शिकलं असेल तर एकटा ड्यूकच्या दरबारातला शिपाई. त्याला वाक्य एकच, 'सायलेन्स इन द कोर्ट!' पण महिनाभर ते त्याने घरात, गोठ्यात, बसस्टँडवर, आजोबा घोरत असताना, जमेल तिथे म्हणून पाहिलं. तेवढे तीन-चार शब्द त्याचे कायमचे झाले. पोर्शियाचं भाषण पोर्शिया आठवड्यात विसरली.

त्या शिपायाकडे बघून माझं मत पक्कं झालं, की शिकवतो तो प्रयोग नव्हे, तालीम. पूर्वी नाटक कंपन्यांत तालीम मास्तर असत. पदरचं पोर कितीही गोड गळ्याचं असलं तरी एकेक वाक्य शंभरदा म्हणवून घेतल्याशिवाय ते त्याला रंगपटात फिरकू देत नसत. मी वर्गात 'रिपीट आफ्टर मी' म्हटलं की तिसऱ्या वेळेला शेवटच्या बाकावर जांभया सुरू. तेच वाक्य तालमीत पंधरावेळा म्हणायला कुणाची ना नसते, कारण दर वेळी काहीतरी चुकलेलं असतं आणि ते दुसऱ्याचं चुकलेलं असतं. फौजदार 'व्हेअर डिड यू गो लास्ट नाइट?' म्हणाला आणि चोर हसला, की पुन्हा. चोराने आधीच कबुली दिली, की पुन्हा. असं करता करता 'व्हेअर यू वेन्ट' छापाचं जे वाक्य लाल शाईच्या दोन दौती संपवूनही जागचं हललं नव्हतं, ते आपसूक सुधारतं. तक्ता नको, नियम नको, फौजदारी पुरे.

पहिला प्रयोग मी हलगीवर केला. इंग्रजीचा ठेका मराठीपेक्षा निराळा. आपण प्रत्येक अक्षराला सारखा मान देतो. इंग्रजीत मोजक्या अक्षरांवर ठोका पडतो आणि बाकीची मधल्या फटीतून अंग चोरून निघून जातात. हे फळ्यावर समजावून सांगताना माझाच दम निघायचा. मग एका पोराला, ज्याचे वडील वाजंत्रीत होते, हलगी आणायला सांगितली. फळ्यावर तीन वाक्यं. 'बॉईज प्ले क्रिकेट.' तीन ठोके. 'द बॉईज आर प्लेइंग क्रिकेट.' तरीही तीनच ठोके. 'द बॉईज हॅव बीन प्लेइंग देअर क्रिकेट.' ठोके तेवढेच, अंतरही तेवढंच. मधल्या 'हॅव बीन'ने स्वतःला कसंही कोंबून घ्यायचं. हलगी थांबत नाही म्हटल्यावर पोरांनी बरोबर कोंबलं. जे 'हॅव' एरवी तोंड भरून 'ह्याऽव' होऊन बसायचं ते निमूटपणे बारीक झालं. हे काही माझं डोकं नव्हे. न्यूयॉर्कच्या कॅरोलिन ग्रॅहम बाईंनी जॅझच्या तालावर हेच केलं आणि 1978 साली 'जॅझ चँट्स' नावाचं पुस्तक काढलं. आमच्याकडे जॅझ नव्हता, हलगी होती. पुढे पोरांनी आपणहून पोवाडा रचला, हेडमास्तरांच्या सायकलच्या चोरीचा, सगळा भूतकाळात. शाहीर एक ओळ म्हणणार आणि मागचे झीलकरी तिची शेपटी उचलणार. 'समवन स्टोल द सायकल'. मागून वीस जणांचं 'स्टोल द सायकल, जी जी जी'. स्टीलचं स्टोल होतं हे त्या वर्गाला पुन्हा सांगावं लागलं नाही. हेडमास्तरांना मात्र सांगावं लागलं, की सायकल कवीच्या कल्पनेत चोरीला गेली आहे, तुमची स्टँडवर आहे.

एकाच वाक्यातून किती नाटक निघतं, याचा अंदाज मलाही नव्हता. 'यू टुक माय टिफिन.' एवढंच वाक्य, आणि अट अशी, की दर वेळी जोर वेगळ्या शब्दावर द्यायचा. 'यू'वर जोर दिला की बोट पुढे, डोळे मोठे: शेजारच्याने नाही, तूच! 'टुक'वर दिला की दुःख: मागितला असतास तर दिला नसता का? 'माय'वर दिला की मालकी: त्याचा घ्यायचास ना, त्याच्या डब्यात रोज शेवयांची खीर असते! आणि 'टिफिन'वर दिला की नुसता अचंबा: दप्तरात नवं कंपासपेटीचं सामान असताना हा गाढव डबा घेऊन गेला? एक मुलगी, वर्गात जिचा आवाज हजेरीपुरताच ऐकू यायचा, तिने चौथा प्रकार असा केला की मी स्वतः पाच मिनिटं हसत होतो. तिच्या वहीत त्या वर्षी शुद्धलेखनाच्या चुका होत्या तेवढ्याच राहिल्या. पण वाक्याच्या आत माणूस असतो, हे तिला कळलं होतं.

साठ मुलांचा वर्ग नाटकाला कसा पुरणार, असं लोक विचारतात. मला तर साठ कमी पडायचे. आमच्या गावाला सोमवारी आठवडे बाजार. तोच मी वर्गात भरवला. बाकं भिंतीला, निम्मे विकणारे, निम्मे घेणारे, माल म्हणून दप्तरात असेल ते. नियम एकच: मराठी बोललास की माल जप्त. सगळे एकदम बोलायला लागले की एकट्या मास्तरला सगळ्यांचं ऐकू येत नाही, आणि हाच त्यातला मोठा फायदा. ऐकणारा मास्तर दूर आहे म्हटल्यावर पोरं मोकळी सुटली. त्या बाजारात माझी गुणपत्रिका उलटीपालटी झाली. पहिला नंबरवाला गिऱ्हाईक म्हणून आला, भाव विचारला, उत्तर ऐकलं आणि गप्प उभा राहिला. पुढचं गाईडमध्ये नव्हतं. आणि घटक चाचणीत सलग नापास होणारा एक गडी, घरचा भाजीचा गाडा, त्याने तीन खोडरबर आणि एक मोडका कर्कटक मांडून असा काही धंदा केला, की विचारू नका. 'टेक टेक, फ्रेश फ्रेश. नो नो, मॅडम, लास्ट प्राइस. यू गो दॅट शॉप, यू कम बॅक, आय नो.' व्याकरणाचा तपासनीस असता तर त्याने जागीच राजीनामा दिला असता. पण गिऱ्हाईक खरंच पलीकडच्या दुकानी जाऊन परत आलं. मी विंगेत बसल्यासारखा कोपऱ्यात बसून एकच वाक्य दुरुस्त केलं, आणि तेही बाजार उठल्यावर. प्रवेश चालू असताना मध्येच 'यू गो टू दॅट शॉप म्हण' असं ओरडणारा मास्तर हा माझ्या मते वर्गातला सगळ्यात मोठा खलनायक.

लिहिलेले संवाद नसले की मुलं घाबरतील, असंही म्हणतात. कोकणात दशावतार पाहिलेल्याला ही भीती वाटणार नाही. तिथे लिहिलेली संहिता नसते. आख्यान कुठलं ते आधी ठरतं, कोण काय करणार ते ठरतं, आणि मग रात्रभर राजे-राक्षस आयत्या वेळी आपापले संवाद बोलतात. तमाशातली बतावणीही अशीच, हजरजबाबावर चालणारी. म्हणजे आयत्या वेळी बोलण्याची कला आपल्या मातीत आहे. ती फक्त इंग्रजीच्या तासाला बाहेर चपलांपाशी ठेवून यावी लागते. मी मुलांना संवाद देणं बंद केलं आणि पेच द्यायला लागलो. एसटीत म्हातारी कोंबडी घेऊन चढली आहे, कंडक्टर कोंबडीचं तिकीट मागतोय, बोला. म्हातारीला इंग्रजी कसं येतं, असं एकाने विचारलं. तिचा मुलगा दुबईला आहे, असं दुसऱ्याने परस्पर सांगून टाकलं. कंडक्टर होता एक अबोल मुलगा. खांद्याला बाईंची पर्स अडकवली, हातात पंच म्हणून स्टेपलर, आणि गडी बदललाच. 'हाफ टिकट फॉर हेन!' म्हातारी म्हणाली, 'शी इज ओन्ली थ्री मंथ्स!' आता हे इंग्रजी चूक की बरोबर? बरोबर आहे, शिवाय तर्कालाही धरून आहे. हा मुलगा स्वतःच्या नावाने उभा राहिला असता तर त्याच्या तोंडून अक्षर फुटलं नसतं. पण चुकला तर कंडक्टर चुकणार होता, तो नाही. टॉमीसमोरच्या काकांचं जे, तेच याचं.

मुली थोड्या मोठ्या झाल्या की चारचौघांत आरडाओरडा करायला संकोचतात. त्यांच्यासाठी मला नाट्यछटा सापडली. हा प्रकार मराठीत आणला दिवाकरांनी, म्हणजे शंकर काशिनाथ गर्ग्यांनी. तेही पेशाने शिक्षक, आणि त्यांना हे सुचलं ते रॉबर्ट ब्राउनिंगच्या कविता वाचून. एकच माणूस बोलतो, समोरचं पात्र दिसत नाही, पण त्याचं बोलणं आपल्याला कळतं. इंग्रजी कवितेतून मराठीत आलेला हा पाहुणा शंभर वर्षांनी माहेरी पाठवायला काय हरकत आहे, असं मनात आलं. आता तर प्रत्येक घरात रोज नाट्यछटा होते, तिला फोन म्हणतात. मी सांगितलं, फोनवरची एकच बाजू करून दाखवा. एकीने पुण्याच्या मावशीचा फोन केला, जिची मुलं इंग्रजी माध्यमात शिकतात. 'येस मावशी... नो मावशी... येस, आय अ‍ॅम स्टिल इन मराठी मिडियम... नो, वी डू नॉट सिट ऑन द फ्लोअर... येस, वी हॅव अ फॅन... ओह, युवर पिंकी गॉट अ प्राइझ? अगेन?' या 'अगेन'मध्ये काय काय होतं! ते कुठल्या पाठ्यपुस्तकात शिकवता येणार? बाकीच्या मुलींनी टाळ्या वाजवल्या नाहीत, मान हलवली. प्रत्येकीला एक मावशी होती.

यात नवं काही नाही, हे मला ठाऊक आहे. केंब्रिजच्या पर्स स्कूलमधल्या काल्डवेल कुक नावाच्या मास्तरांनी 1917 सालीच 'द प्ले वे' नावाचं पुस्तक लिहून सांगितलं होतं, की मुलांनी शेक्सपिअर बाकावर बसून वाचायचा नाही, उठून करायचा. अ‍ॅलन मेली आणि अ‍ॅलन डफ यांनी 1978 साली भाषाशिक्षणातल्या नाट्यतंत्रांवर पुस्तक लिहिलं. त्यांचंही म्हणणं असंच, की प्रेक्षकांसाठी नाटक बसवणं म्हणजे हे नव्हे. वर्गातली मुलं आपसात जे करतात ते महत्त्वाचं. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही कलेची सांगड घालून शिकवा असं लिहिलं आहे. धोरणात आलं म्हणजे ते शाळेत येतंच. आधी परिपत्रक येतं, मग फोटो मागवतात. मुलांच्या हातात मुखवटे, मागे फलक, बाजूला शिक्षक, क्लिक. फोटो ग्रुपवर पडला की मुखवटे कपाटात. मुखवट्यांबद्दल माझी तक्रार नाही, ती कपाटाबद्दल आहे.

आणि नाटकाची आंधळी भक्तीही नको. पु. लं.नी शॉच्या 'पिग्मॅलियन'वरून 'ती फुलराणी' लिहिली, 1975 मध्ये भक्ती बर्वेंनी ती गाजवली. भूमिका वठवून भाषा शिकण्याचं याहून मोठं नाटक नाही. पण शॉने मूळ नाटकात एक खोच मारून ठेवली आहे. पोरीचे उच्चार सुधारले, ती उच्चभ्रूंच्या दिवाणखान्यात जाऊन बसली, आणि अगदी चोख उच्चारांत आपल्या मावशीच्या संशयास्पद मरणाची हकिगत सांगू लागली. साहेबी उच्चारांवर भाळणाऱ्या आपल्या पालकांनी हा प्रवेश जरूर पाहावा. उच्चार येतात, ते शेवटी बोलण्याच्या पाठोपाठ येतात. बोलण्यासारखं काही आत असलं तर वाकड्यातिकड्या उच्चारातही ते पोचतं. आमच्या भाजीवाल्याचं पोचलंच की. नाटकाने निबंध सुधारत नाही, स्पेलिंग तर मुळीच नाही. 'किनफ' लिहिणारा मुलगा सुरी घेऊन रंगमंचावर कितीही वेळा आला तरी तो 'किनफ'च लिहितो. त्यासाठी वहीच लागते, आणि वहीला पर्याय आहे असं मी कधी म्हटलेलं नाही.

तरीही शाळांमध्ये हे का होत नाही, असं विचाराल तर कारण पैसा नाही, जागा नाही, मास्तरांना येत नाही असंही नाही. कारण आवाज. आपल्याकडे गप्प वर्ग हा चांगला वर्ग समजतात. मुख्याध्यापक व्हरांड्यातून फेरी मारतात ते कान देऊन. ज्या वर्गातून आवाज येत नाही तिथे शिकवणं चाललं आहे, जिथून येतो तिथे मास्तर रजेवर. शेजारच्या वर्गात बीजगणित घेणारे सर येऊन मला दोनदा सांगून गेले, की तुमच्या बाजारामुळे माझी पोरं समीकरणाच्या ऐवजी भाव सोडवताहेत. भाषेच्या तासाला आवाज नको, हे म्हणणं मी नोकरीभर ऐकून घेतलं आणि अजूनही मला ते समजलेलं नाही. दुसरी अडचण 'पोर्शन'ची. पोर्शन पुरा झाला पाहिजे. तो मी दरवर्षी पुरा केला, इतरांसारखाच फेब्रुवारीत धावत. फरक इतकाच, की तोवर माझी पोरं धावताना थोडंफार इंग्रजीत ओरडत.

तेव्हा इंग्रजी शिकवणाऱ्या माझ्या तरुण सोबत्यांना एवढंच सांगणं: संमेलनाची वाट बघू नका, कोट-दाढ्या मागून आणू नका, डॉक्टरांच्या मुलीला एक दिवस प्रेक्षकांत बसवा आणि जो गप्प असतो त्याला कंडक्टर करा. आठवड्यातला एक तास पुरे. प्रवेश चालू असताना तोंडाला कुलूप घाला, चुका नंतर. आणि पालकांनो, पुढच्या वेळी शाळेत गेलात आणि वर्गातून कोंबडीच्या तिकिटावरून भांडण ऐकू आलं, तर ऑफिसात तक्रार करायला जाऊ नका. खिडकीशी उभे राहून ऐका, आणि मुख्याध्यापक भेटले तर त्यांनाही सांगा, की आवाज होणारच.